वरून हमी, खालून हिशेब : धाराशिव जिल्ह्यातून पाहिलेले सत्तेचे विकेंद्रीकरण

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब तिला हजर होते. दरवर्षी फेब्रुवारीत आपण तिथे जातो, अभिवादन करतो, ज्या शाळेत त्यांचा मुक्काम होता ती पाहतो. पण परिषद नेमकी कशासाठी होती, हे आपल्यातल्या किती तरुणांना सांगता येईल?

प्रश्न वतनाचा होता. वतनदार महाराने सरकारी कामासाठी रात्रंदिवस राबायचे, टपाल पोहोचवायचे, वर्दी द्यायची, अधिकारी येईल तेव्हा हजर राहायचे. या कामाचा मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. थोडी वतनी जमीन आणि शेतकऱ्याने सुगीला दिले तर बलुते. गाव नाराज झाले की बलुते बंद. त्यापूर्वी १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते, त्यामागचे कारण हेच होते. बलुत्याच्या जागी ठरलेला रोख मोबदला मिळावा आणि तो सरकारमार्फत मिळावा, म्हणजे माणूस गावाच्या मुठीतून सुटेल.

आज 'सत्तेचे विकेंद्रीकरण' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. सत्ता मुंबई-दिल्लीतून खाली आली, जिल्ह्याला आणि गावाला अधिकार मिळाले की विकास होईल, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. पण तडवळ्याच्या परिषदेचा वारसा सांगणाऱ्यांनी एक प्रश्न जोडून विचारला पाहिजे : सत्ता खाली येते तेव्हा ती कोणाच्या हातात पडते?

विकेंद्रीकरण म्हणजे काय?

तीन गोष्टी खाली आल्या तर त्याला खरे विकेंद्रीकरण म्हणता येते. पहिली, काम : कोणता विषय कोणी पाहायचा याचा अधिकार. दुसरी, माणसे : ते काम करणारे कर्मचारी कोणाच्या हाताखाली. तिसरी, पैसा : निधी कोणाकडे आणि तो खर्च करण्याचा निर्णय कोणाचा.

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या भागातील उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे. भूमिहीन कुटुंबाची ती चालती-फिरती बँक. आजारपण, लग्न, मुलाची फी, काहीही अडले की शेळी विकली जाते. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग तिच्यासाठी काम करतो, म्हणजे काम खाली आलेले आहे. पण डॉक्टरचे पद भरण्याचा निर्णय राज्य पातळीवर होतो. औषधांसाठी किती पैसा येईल हेही बरेचसे वरच ठरते. मग दवाखान्याची इमारत आपल्या गावात, पाटी जिल्हा परिषदेची, आणि कुलूप उघडायला माणूस नाही, असे चित्र तयार होते. काम आले, माणूस आणि पैसा आला नाही. अशा अर्धवट विकेंद्रीकरणात खालच्या संस्थेच्या वाट्याला फक्त लोकांच्या शिव्या येतात.

मराठवाड्याचा अनुभव

प्रदेशाला अधिकार देण्याचा विषय मराठवाड्याला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राजवटीतून मुक्त झालो, तेव्हा रस्ते, शाळा, सिंचन या सगळ्यात हा भाग मागे होता. उच्च शिक्षणाची अवस्था तर अशी की, बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले ते ही गरज ओळखूनच. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भाला विकासनिधी, नोकऱ्या आणि शिक्षणात न्याय्य वाटा देण्याचे ठरले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आले. त्यात प्रदेशनिहाय विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांच्या पुरेशा संधी यांची तरतूद झाली आणि त्यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येईल असे ठरले.

तरतूद १९५६ ची, मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षे कागद कागदच राहिला.

मधल्या काळात एक महत्त्वाचे काम झाले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. पद्धत सोपी होती. सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य, वीज अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याची तूट रुपयांत मोजायची. या तुटीला 'अनुशेष' म्हटले गेले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी होता, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षांनंतरच्या, म्हणजे १९९४ च्या स्थितीवर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली. तेव्हा राज्याचा आकडा १४,००७ कोटींच्या घरात गेला आणि मराठवाड्याचा ४,००० कोटींवर. यात महागाईचा आणि बदललेल्या मोजमापाचा भाग आहे, पण दरी बुजली नव्हती हेही स्पष्ट आहे. त्यानंतर २००१ पासून राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश सुरू झाले.

विकास मंडळाने काय दिले? सगळ्यात मोठी देणगी म्हणजे मोजपट्टी. "आमच्यावर अन्याय होतो" या भावनेला आकडा मिळाला आणि आकडा हातात असला की विधानसभेत प्रश्न विचारता येतो. उणीव अशी की मंडळ सल्ला देणारे होते. त्याला स्वतःचा कर नव्हता, स्वतःचे खाते नव्हते, त्यावर लोकांनी निवडून दिलेली सभा नव्हती. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. पुनर्स्थापनेचा निर्णय घ्यायला राज्य मंत्रिमंडळाला सप्टेंबर २०२२ उजाडले. जी संस्था लोकांच्या मतावर उभी नसते, ती बंद पडली तरी रस्त्यावर कोणी उतरत नाही. आपणही उतरलो नाही.

आपल्या शेजारीच तुलनेची सोय आहे. उमरग्याहून पुढे गेले की बिदर आणि कलबुर्गी जिल्हे लागतात. तेही जुन्या निजाम राज्यातलेच. २०१२ मध्ये संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि त्या भागासाठी कलम ३७१-ञ आले. त्यात स्वतंत्र मंडळ तर आहेच, शिवाय त्या भागातील तरुणांना शिक्षणसंस्थांत आणि तिथल्या सरकारी पदांवर स्थानिक म्हणून राखीव जागा देण्याची सोय आहे. मंडळाचे भवितव्य काहीही होवो, नोकरीचा हक्क माणसाच्या हातात राहतो. आपल्याकडच्या तरतुदीत 'पुरेशा संधी' हे शब्द आहेत. शब्द आणि हक्क यांत फरक असतो.

बाबासाहेबांची दुहेरी भूमिका

काही जण म्हणतात, बाबासाहेब मजबूत केंद्राचे पुरस्कर्ते होते, म्हणजे विकेंद्रीकरणाच्या विरोधात होते. हे अर्धसत्य आहे.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मध्य महाराष्ट्रातच आपला मराठवाडा येत होता. मोठ्या राज्यात मागासलेल्या भागाकडे कोण पाहणार, ही त्यांची काळजी होती. म्हणजे सरकार लोकांच्या जवळ असावे हे त्यांना मान्य होते. पण त्याच लेखनात दुसरी काळजीही आहे. भाषावार राज्यात एका बहुसंख्य जातीचे वर्चस्व राहते आणि राज्य जितके मोठे, तितकी अल्पसंख्य समाजांची अवस्था बिकट. म्हणून अल्पसंख्य समाजांना संरक्षण दिल्याशिवाय असे राज्य त्यांच्यासाठी धोक्याचे ठरेल, असे त्यांनी बजावले.

गावाबाबत त्यांची भूमिका आणखी कठोर होती. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी भारतीय खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर बोट ठेवले आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे समाधान व्यक्त केले. पुढे पंचायतींविषयीचे कलम ४० संविधानात आले आणि १९९३ पासून ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. त्यात अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि स्त्रियांना राखीव जागा बंधनकारक झाल्या. १९३२ ची मागणी देशभर लागू व्हायला साठ वर्षे लागली.

सगळेच खाली आणता येत नाही

पाण्याचे उदाहरण पाहा. भूम, परंडा, तुळजापूरचा बराच भाग कृष्णा खोऱ्यात येतो. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पात २३.६६ टीएमसी पाण्याचे नियोजन झाले, त्यातले पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी. हे पाणी गावाने ठराव करून येत नाही, जिल्हा परिषदेने ठराव करूनही येत नाही. त्यात दुसरे जिल्हे आहेत, दुसरी राज्ये आहेत, लवादाचा निवाडा आहे. खोऱ्यातल्या वाटपाचा निर्णय वरच व्हावा लागतो. प्रश्न असतो तो वरच्या टेबलावर आपल्या प्रदेशाचा आवाज आहे का, याचा. तो आवाज क्षीण असेल तर प्रकल्प वर्षानुवर्षे रखडतो आणि परंड्याची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जात राहतात.

पाणी आल्यानंतर मात्र निर्णय खालचा आहे. कोणत्या वस्तीला नळ, कोणत्या तलावातून कोणाला उपसा, हे मुंबईत बसून ठरवता येत नाही. जे काम ज्या पातळीवर नीट होते ते त्या पातळीवर असावे, एवढाच याचा अर्थ.

जिल्हा : सीमा बदलल्या, पण...

ऑगस्ट १९८२ मध्ये आपल्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. नवा जिल्हा झाला की जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, रुग्णालय येते आणि त्याभोवती बाजार वाढतो. लातूरला आधीपासून व्यापारपेठ होती, पुढे शिक्षणाची ख्याती आणि राजकीय वजनही आले. उरलेल्या जिल्ह्याकडे कोरडवाहू तालुके जास्त राहिले. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. सीमा आणि नाव बदलल्याने कार्यालये आणि पाट्या बदलतात. अर्थव्यवस्था बदलायला निधी आणि निर्णयशक्ती लागते.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे गेले. त्या काळी देशात हे पुढचे पाऊल होते. नंतर मात्र जिल्ह्याच्या नियोजनाची सूत्रे दुसरीकडे सरकली. आज जिल्हा वार्षिक योजना जिल्हा नियोजन समिती मंजूर करते आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पालकमंत्री आपल्या जिल्ह्याचाच असेल असे नाही.

२०१८ मध्ये नीती आयोगाने आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांत घेतला. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण, असे चारच. आरोग्य-पोषणाला ३० टक्के, शिक्षणाला ३० टक्के, शेती-पाण्याला २० टक्के असा भार ठरवून दर महिन्याला प्रगती मोजली जाऊ लागली. अंगणवाडीतल्या मुलाचे वजन दिल्लीला दिसू लागले, हे चांगलेच. पण मोजपट्टी दिल्लीची, अंमल जिल्हाधिकाऱ्यांचा. निवडून आलेल्या सदस्याची जागा यात कुठे? यात कामाची अंमलबजावणी खाली येते, निर्णय येत नाही.

आणि निवडून आलेले सदस्यच नसतील तर? मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. संविधानाच्या कलम २४३-ङ नुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. त्याऐवजी तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायत आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी वाटणी होती, पण निवडून आलेली संस्था नसेल तर तिचा वाटा अडतो. राखीव जागांवरून निवडून येणारी आपली माणसेही त्या काळात सभागृहात नव्हती. आपण आरक्षणाबद्दल बोलतो तेव्हा नोकरी आणि प्रवेश आठवतात. ही रिकामी खुर्ची आठवत नाही.

गाव : वहीत दडलेला वाटा

आता शेवटच्या पायरीवर येऊ. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून २० टक्के. शिवाय जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा स्वतंत्र निधी असतो आणि त्यातून अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची कामे होतात. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आपण अनुसूचित जातींचे लोक सुमारे १६ टक्के आहोत. म्हणजे हा निधी उपकार नाही, वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात तरुणांसोबत बसलो होतो. त्यांनी ग्रामसभेत विचारले, पंधरा टक्के कुठे खर्च झाले? उत्तर आले, "समाजमंदिराला रंग दिला ना." तो रंग तर त्याच मुलांनी जयंतीच्या वर्गणीतून आणला होता. मग त्यांनी लेखी अर्ज करून अंदाजपत्रक आणि रोकड वही, म्हणजे नमुना १ आणि नमुना ५, यांची नक्कल मागितली. दोन ग्रामसभा गेल्या. शेवटी वस्तीतल्या नळजोडणीचा ठराव झाला आणि कामही झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. अर्जावर पहिली सही करणाऱ्या मुलाच्या वडिलांना त्या हंगामात गावातल्या एकाही शेतावर काम मिळाले नाही. कोणी भांडले नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त सकाळी बोलावणे आले नाही. ते कुटुंब त्या वर्षी पहिल्यांदा ऊसतोडीला गेले.

आम्हाला तेव्हा तडवळ्याची परिषद समजली. ज्याची रोजी गावाच्या हातात, त्याचे तोंडही गावाच्या हातात. ग्रामसभेत बोलण्याचा हक्क कायद्याने दिला, पण बोलल्यानंतर चूल पेटण्याची हमी कायद्याने कुठे दिली? महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने तसा कायदा केला, त्यांचे मोल इथे कळते. मागेल त्याला काम आणि मजुरीचा दर गावाबाहेर ठरलेला. वरची ही हमी असेल तर खाली हिशेब मागण्याची हिंमत येते. आमच्या त्या कुटुंबाला वेळेत काम मिळाले असते, तर गावातून जावे लागले नसते.

बाहेरचा अनुभव

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाने १९९४ मध्ये राष्ट्रीय करउत्पन्नाचा २० टक्के वाटा लोकसंख्येनुसार नगरपालिकांना दिला. त्याआधी बहुतेक पैसा मोठ्या शहरांत अडकत होता. नंतर लहान, गरीब भागांत शाळा, पाणी, मलनिस्सारण यांवरचा खर्च वाढला. त्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती : स्थानिक लोकसंघटनांच्या दक्षता समित्या, ज्या नगरपालिकेच्या खर्चावर लक्ष ठेवत. केरळने १९९६ पासून लोकनियोजन मोहिमेत योजनेच्या ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे दिला आणि त्यात अनुसूचित जातींचा निधी वेगळा दाखवला. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचे संरक्षण दिले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही मागणी आपल्या चळवळीतले कार्यकर्ते अनेक वर्षे करत आहेत.

या सगळ्यांत सूत्र एकच दिसते. पैसा खाली दिला, त्यातला दुर्बळांचा वाटा वेगळा राखला आणि हिशेब विचारणारी माणसे ठेवली, तिथे गरिबांच्या पदरात काही पडले. यातले एक जरी सुटले, तर सत्ता मुंबईच्या वाड्यातून गावच्या वाड्यात आली, इतकेच होते.

आपण काय करू शकतो?

एक, वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. वस्तीतली पंचवीस-तीस माणसे तयारीने गेली तरी सभेचा रंग बदलतो. ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे आपल्या बहिणींनी मुद्दे नोंदवावेत.

दोन, ग्रामपंचायत विकास आराखडा ठरतो तेव्हाच वस्तीचे काम त्यात घालावे. आराखडा झाल्यावर केलेले आंदोलन उशिराचे असते. मंजूर कामे आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येतात.

तीन, अर्ज कधी एकट्याच्या सहीने देऊ नये. मंडळाच्या, महिला बचत गटाच्या, वीस-पंचवीस जणांच्या सहीने द्यावा. हा धडा आम्ही महागात शिकलो.

चार, जिल्हा पातळीवर आठही तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी मिळून उपयोजनेचा निधी किती आला, किती खर्च झाला, याची दरवर्षी एक साधी पत्रिका काढावी. दांडेकर समितीने जिल्ह्याचा अनुशेष मोजला. वस्तीचा अनुशेष कोणी मोजलेला नाही. जिल्हा सरासरीला पोहोचला तरी वस्ती मागेच असू शकते, आणि ती मोजदाद आपल्यालाच करावी लागेल.

पाच, मराठवाडा विकास मंडळ, जिल्हा परिषदेच्या वेळेवर निवडणुका आणि उपयोजनेचा कायदा या तीन मागण्या आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरून मांडल्या गेल्या पाहिजेत.

पुढच्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला जाताना सोबत आपल्या गावच्या रोकड वहीची नक्कल घेऊन जाऊ. अभिवादन झाल्यावर तिथेच बसून ती एकमेकांना वाचून दाखवू. १९४१ साली तिथे जमलेली आपली माणसे आपल्या कष्टाचा हिशेबच मागत होती.

जय भीम!